समासापुरतं राज्य

छापखान्यात तिला सगळे ‘कानामात्रा’ म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण छापखान्यात पाठीमागचं बोलणं तोंडावरच्यापेक्षा लवकर पोचतं, त्यामुळे तिला ते पहिल्याच महिन्यात कळलं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही. चौतीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि वर त्याचा पगार घेतला. आता बोला! बाकीचे लोक हेच काम फुकट करतात आणि शिव्या खातात.

काम म्हणजे प्रूफं तपासायची. छापायच्या आधी मजकुराचा कच्चा कागद निघायचा, तो घेऊन ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची आणि चूक दिसेल तिथं समासात लाल शाईनं खूण करायची. अगदी पहिल्या दिवशी शिशाच्या अक्षराचा एक खिळा उलटा बसलेला दिसला म्हणून तिनं उत्साहाच्या भरात थेट अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या साच्यात बोट घातलं होतं. तसा तिथला म्हातारा मुख्य तपासनीस केवढ्यानं तरी खेकसला, “बाई, हात मागे! खिळे जुळारी हलवेल. आपलं राज्य समासापुरतं. खूण करायची आणि गप्प बसायचं!”

तो धडा तिनं जन्मभर पाळला. पुढे शिशाचे खिळे गेले, कॉम्प्युटर आले, तो म्हातारा गेला, पण समास सोडून तिचा हात कधी आत गेला नाही. आणि मग निवृत्त झाल्यावर, साठी उलटल्यावर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत तिनं तो नियम मोडला. कसा, तेच तर सांगायचंय.

घरात दोघीच. ही धाकटी, आणि हिच्याहून सात वर्षांनी मोठी ताई. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे उघडणारी एक लांबट खिडकी. धाकटीनं लग्न केलं नव्हतं. ताईनं केलं होतं, पण ते संपूनही पंचवीस वर्षं झाली होती, आणि त्याबद्दल घरात कोणी काही बोलत नसे, कारण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. ताई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीची मुख्य होती. ढीगभर चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे निळे झगे. ताई नुसता हात फिरवून सांगायची की ही चादर आता चार धुण्यांची सोबती आहे, बाजूला काढा. एका कडाक्याच्या थंडीत बाळंतिणींच्या वॉर्डात पांघरुणं कमी पडली. तेव्हा ताईनं घरी पडलेल्या लोकरीच्या चार इवल्याशा टोप्या विणून नेल्या. वॉर्डनं आणखी मागितल्या. झालं! त्या दिवसापासून तीस वर्षं आठवड्याला चार टोप्या, कधी पाच. चौसष्ट टाके घालायचे, काठाला दोन सुलट दोन उलट, मग साधी वीण, वर टाके कमी करत जायचे आणि मागून शिवून टाकायचं. गल्लीत तिचं नावच ‘टोपीताई’ पडलं.

ताईच्या हातची टोपी कधी परत आली नव्हती, आणि याचा तिला काय अभिमान! मान ताठ करून म्हणायची, “ज्या दिवशी माझी एक टोपी परत येईल ना, त्या दिवशी सुया खाली ठेवीन.” म्हणताना असा चेहरा करायची, की लोकरीची काय बिशाद आहे उसवायची.

धाकटीलाही विणणं ताईनंच शिकवलं होतं. पण दोघींच्या हातात फरक होता. ताईचा हात मोकळा, टाके कसे मऊसूत, बाळाच्या डोक्यावर बसले तरी त्याला कळू नये असे. धाकटीचा हात आवळ. ती लोकर अशी खेचून धरायची जणू कोणी पळवूनच नेणार आहे. विणकामाचं हे असंच असतं, ज्याचा त्याचा हात निराळा, हस्ताक्षरासारखा. नक्षी कोणालाही उचलता येते, हात उचलता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी ताईचे डोळे बिघडायला लागले. डॉक्टरांनी आत काय झालंय ते चित्र काढून समजावलं, थेंब दिले, तपासण्या केल्या आणि शेवटी सांगितलं की गेलेलं परत यायचं नाही, राहिलेलं जपू या. ताई घरी येऊन म्हणाली, “मधलं पुसलं गेलंय गं, कडेचं दिसतंय. तुझा चेहरा नाही दिसत, पण कान दिसतात. बाबांसारखे आहेत तुझे कान. इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं.”

धाकटी हसली, मग मोरीत जाऊन रडून आली.

एकेक करत ताईचं सगळं सुटत गेलं. आधी वर्तमानपत्र, मग शब्दकोडं, मग एकटीनं जिना उतरणं. ताईनं त्याबद्दल कुरकुर केली नाही. राहिल्या त्या फक्त सुया. त्या मात्र चालूच होत्या, खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसून, रस्त्याकडे तोंड करून, खट खट खट. ही खुर्ची वडिलांची. काम सुटल्यावर ते याच खुर्चीत बसले होते, फक्त तिचं तोंड त्यांनी भिंतीकडे केलं होतं. तीन वर्षं हात मांडीवर ठेवून ते भिंत बघत राहिले आणि एके दिवशी बघायचेही थांबले. धाकटीनं ते पाहिलं होतं. म्हणून त्या सुयांचा आवाज चालू असेपर्यंत तिच्या जिवात जीव असे.

आणि अशात तो फोन आला. ताई आंघोळीला गेली होती म्हणून धाकटीनं घेतला. पलीकडे वॉर्डच्या मेट्रनबाई. त्या बिचाऱ्या इतक्या अवघडल्या होत्या, की आधी पाच मिनिटं हवेबद्दलच बोलल्या.

“काय आहे ना, मागच्या खेपेच्या टोप्यांत एकीला भोक होतं,” त्या म्हणाल्या. “टाका निसटलाय. तसं काही झालं नाही हो, पण बाळांची बोटं किती बारीक असतात, अडकलं-बिडकलं तर... तुम्हीच ताईंना जरा सांगाल का?”

 धाकटीच्या तोंडातून क्षणात खोटं बाहेर पडलं, “अहो, ती माझी असेल! माझीच एक चुकून त्यात गेली. ताईला काही बोलू नका, मी येऊन घेऊन जाते.”

दुपारी भाजी आणायच्या निमित्तानं ती गेली आणि टोपी घेऊन आली. पिवळी टोपी. अकराव्या ओळीत एक टाका निसटलेला, त्यातून तिची करंगळी आरपार गेली. तिनं ती टोपी आपल्या कपाटात, सर्वांत खालच्या खणात, जुन्या शब्दकोशामागे ठेवून दिली. आणि मनाशी ठरवलं, दुसरी टोपी काही परत येणार नाही. मी बसलेय ना!

दुपारी दोन ते साडेतीन ताई झोपायची. घड्याळ चुकेल, ताईची झोप चुकायची नाही. ताईचा श्वास जड झाला की धाकटी चोरपावलांनी खुर्चीशी यायची, पिशवीतून अर्धवट विणलेली टोपी काढायची, चष्मा नाकावर सारायची आणि तपासायला लागायची. टाका निसटलेला दिसला की क्रोशाच्या आकड्यानं तो एकेक ओळ वर चढवत आणायचा. चूक फार खाली असली, उलटच्या जागी सुलट पडलेलं असलं, की चार ओळी उसवून पुन्हा विणायच्या. मग टाके मोजायचे, सुया होत्या तशाच आडव्या ठेवायच्या, लोकरीचा गुंडा होता त्याच बाजूला वळवायचा. साडेतीनला ताई उठायची, चहा प्यायची आणि काही झालंच नाही अशी पुढे विणायला लागायची.

पहिले काही दिवस धाकटीला फार समाधान वाटलं. नंतर नंतर ते कामच होऊन बसलं. गंमत म्हणजे ताईच्या चुका वाढतच चालल्या होत्या. सुरुवातीला आठवड्यातून एखादी, आता तर रोज एक. धाकटी मनात म्हणायची, डोळे आणखी गेले वाटतं. 

त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात तिनं एक पाटी पाहिली. वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी दहाला ‘क्विल्टिंग : नवशिक्यांसाठी’. जन्मभर सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड चढवणारे एक मास्तर आता दुकान मुलाकडे सोपवून हे शिकवत होते. धाकटीनं नाव घातलं. आठवड्यातले दोन तास तरी आपल्याला कोणाच्या चुका बघायला लागू नयेत, एवढंच तिला हवं होतं.

“क्विल्टिंग म्हणजे गोधडीच ना?” ताईनं विचारलं.

“गोधडीच. पण मास्तर क्विल्ट म्हणतात.”

“म्हणू देत बापडे. पाय झाकले म्हणजे झालं.”

पहिल्याच शनिवारी तिनं अशी चूक केली, की फक्त विणणारी बाईच करू शकेल. नाव घालतानाच मास्तरांनी सांगितलं होतं, घरून चौकोन कापून आणा, जोडल्यावर प्रत्येक चौकोन चार बोटांचा दिसला पाहिजे. ही पट्टी घेऊन बसली आणि ताईच्या लॉन्ड्रीतल्या निळ्या झग्यांचे, जुन्या पडद्यांचे, अभ्र्यांचे तब्बल साठ चौकोन अगदी काटेकोर चार बोटांचे कापून घेऊन गेली. मास्तरांनी एक चौकोन उचलला, दुसरा उचलला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“बाई, शिलाईत जाणारं कापड कुठाय?”

“म्हणजे?”

“दोन तुकडे जोडले की कडा आत जाणार. चाराचे तीन होणार.”

धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला. विणताना शिलाईची जागा सोडायची भानगडच नसते. जेवढे टाके घालावेत तेवढी रुंदी. आणि चुकलं तर ओढा दोरा, उसवा, लोकर जशीच्या तशी परत हातात. इथं कात्री लागली की लागली.

“आता काय करायचं?” ती म्हणाली.

“काय करायचं? गोधडी लहान होईल. जगबुडी नाही होणार,” मास्तर म्हणाले. “माप धाकटं तर धाकटं, चौकोन वाढवा.”

हे तिला इतकं नवं होतं! छापखान्यात चूक राहिली की दुसऱ्या दिवशी गावभर झालेली असायची. इथं मात्र चूक झाली, मास्तर हसले, शेजारच्या बाईनं बिस्किटाचा पुडा पुढे केला आणि सगळे आपापल्या मशीनकडे वळले. नऊ छोटे चौकोन जोडून एक मोठा करायचा, असे बारा मोठे जोडले की झालं. गंमत कोपऱ्यांत होती. चार चौकोन एका ठिपक्यावर मिळायला हवेत, आणि तिचे काही केल्या मिळेनात. एक इकडे सरकलेला, दुसरा तिकडे. तिची शिलाई सरळ निघायची आणि मध्येच काय आठवायचं कोण जाणे, डावीकडे वळायची. पण तिला मजा यायला लागली होती. इस्त्रीखाली शिलाई चपटी होतानाचा तो गरम वास, निळ्याशेजारी कुठला रंग बसेल याची खलबतं, मशीनचं पेडल दाबल्यावर आपल्याआधीच पळणारं ते कापड! शनिवार कधी येतो असं तिला व्हायचं. घरी आली की ती तुकडा ताईच्या हातात द्यायची. ताई बोटं फिरवायची आणि म्हणायची, “हा कोपरा तर रस्ताच चुकलाय,” आणि दोघी हसायच्या.

मग एका शनिवारी ताईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं. धाकटीचा वर्ग बुडला. तिचे दोन मोठे चौकोन हॉलमध्येच राहिले होते. पुढच्या शनिवारी गेली तर दोन्ही घडी घालून, इस्त्री करून तिच्या मशीनवर ठेवलेले. उलगडून पाहिले आणि ती चकितच झाली. सगळे कोपरे मिळालेले! आठही ठिपके जागच्या जागी.

“हात रिकामा होता, म्हटलं दोन कोपरे सरळ करून टाकू,” मास्तर म्हणाले. “फार वाकडे होते हो. राहवेना.”

ती “थँक यू” म्हणाली. माणूस भल्यापोटी काही करतो तेव्हा आणखी काय म्हणणार? पण घरी येईपर्यंत तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि का झाला होता तेच तिला कळत नव्हतं. कोणी वाईट केलं नव्हतं. उलट चांगलंच केलं होतं. तरी जिना चढताना ती पुटपुटत होती, “विचारायचं तरी! माझे होते ना?”

ताई खुर्चीत बसली होती, मांडीवर निम्मी झालेली पांढरी टोपी. तिनं नेहमीसारखा हात पुढे केला. “आण बघू, आज कोण रस्ता चुकलंय.”

धाकटीनं चौकोन दिला. ताईची बोटं शिलाईवरून गेली, कोपऱ्यावर थांबली, पुढे गेली, परत आली.

“हा तुझा नाही,” ताई म्हणाली.

“कशावरून?”

“तुझी शिलाई मध्येच डावीकडे जाते. ही नाही जात. कोणी केला?”

धाकटीनं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चढला. “मला शिकायचंय ना! वाकडा तर वाकडा, माझा होता. आता त्याच्याकडे बघितलं की वाटतं, मी तिथं नव्हतेच. वर आभार मानायचे! मला इतका राग आला, ताई...”

“आला ना?” ताई म्हणाली.

तिनं मांडीवरची पांढरी टोपी उचलून धाकटीच्या हातात ठेवली आणि तिचं बोट धरून काठापासून वर नेलं. “इथवर मी आहे. मऊ लागतंय? आता इथून चार ओळी. लागतंय का आवळ? ही तू. मग परत मी.”

धाकटीचं बोट त्या आवळ ओळींवरून पुन्हा एकदा फिरलं.

“तीन महिने झाले,” ताई म्हणाली. “पहिल्या आठवड्यातच कळलं मला. डोळे गेलेत, बोटं गेली नाहीत. म्हटलं बघू, आज सांगेल, उद्या सांगेल. तू काही सांगेनास. मग मीच रोज झोपायच्या आधी एक टाका मुद्दाम सोडायला लागले. उठून बघावं तर भरलेला! गेल्या तीन आठवड्यांत तू जेवढ्या चुका काढल्यास ना, त्यातल्या दोन वगळून सगळ्या मी हातानं घातलेल्या आहेत.”

एरवी धाकटीला हसू आलं असतं. आता तिचे कान तापले, तेच ते बाबांसारखे कान.

“पण का गं?” ताईचा आवाज बारीक झाला. “मी काय इतकी आंधळी झालेय? मला विचारायचंस. ‘ताई, इथं चुकलंय,’ एवढं म्हणायला काय जात होतं तुझं?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. धाकटीनं फोनचं सांगितलं. मेट्रनबाई, पिवळी टोपी, आपलं खोटं बोलणं, सगळं. “तू सुया खाली ठेवशील म्हणून,” ती म्हणाली. “मला भीती वाटली. तू पण बाबांसारखी बसशील म्हणून.”

 ताईनं पांढरी टोपी मागून घेतली, सुयांवरचे टाके बोटांनी एकदा मोजले, सगळं पिशवीत घातलं आणि पिशवीची नाडी ओढून गाठ मारली.

“परत आली म्हणजे आली,” ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस धाकटीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. ताई चिडली नव्हती. जेवत होती, बोलत होती, रेडिओ ऐकत होती. फक्त खुर्चीत बसली की तिचे हात मांडीवर पडलेले असत. चौथ्या दिवशी धाकटी बाजारातून आली तर ताईनं खुर्ची थोडी वळवलेली होती. “ऊन डोळ्यांवर येतं,” ताई म्हणाली. ऊन येत होतं हे खरंच होतं. पण धाकटीला दिसली ती भिंतीकडे वळत चाललेली वडिलांची खुर्ची. मेट्रनबाईंना तिनं कळवलं की ताईला बरं नाही, या आठवड्यात टोप्या येणार नाहीत. स्वतः विणायला घेतलं, चार ओळींत टाकून दिलं. घरात खट खट नव्हती आणि घड्याळाचा आवाज कधी नव्हे तो ऐकू येत होता.

नवव्या दिवशी दुपारी ती मास्तरांनी सरळ केलेले चौकोन आणि टाके कापायचं टोकदार हत्यार घेऊन पलंगावर बसली. झोपेची वेळ असून ताई जागीच होती. एकेक टाका तुटल्याचा टक् टक् आवाज खोलीभर येऊ लागला.

“काय उसवतेस?” ताईनं विचारलं.

“मास्तरांचे कोपरे.”

“नीट होते ना?”

“होते नीट. पण माझे नव्हते,” धाकटी म्हणाली, आणि मग हात थांबवून म्हणाली, “ताई, चुकलं माझं. छापखान्यात पहिल्याच दिवशी तो म्हातारा मला काय ओरडला होता माहितीय? आपलं राज्य समासापुरतं. खूण करायची, हात आत घालायचा नाही. चौतीस वर्षं परक्या माणसांच्या मजकुराला मी ते पाळलं. कोण कुठले लेखक, कधी तोंड पाहिलं नाही त्यांचं! आणि तुझ्या टोपीत मात्र खुशाल हात घातला.”

टक् टक् पुन्हा सुरू झालं. बऱ्याच वेळानं ताई म्हणाली, “ती पिवळी कुठाय?”

“आहे.”

“भरलीस?”

“नाही. तशीच आहे.”

खरंच तशीच होती. एवढ्या चुका भरल्या, पण त्या टोपीला तिचा आकडा लागला नव्हता. का ते विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. शब्दकोशामागून तिनं ती काढून आणली. ताईनं बोटं फिरवली आणि अकराव्या ओळीत तिची करंगळी भोकातून आरपार गेली. ताईचा चेहरा वेडावाकडा झाला. मग तिनं नाक ओढलं आणि हात पुढे केला.

“आकडा दे.”

एक टाका. डोळस माणसाचं दोन मिनिटांचं काम. ताईला पाऊण तास लागला. सुटलेला फास आकड्यात सापडायचा, निसटायचा, पुन्हा सापडायचा. दोनदा तिनं शेजारचाच धागा उचलला आणि स्वतःच ओळखून सोडला. धाकटी समोर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, कारण मोकळे ठेवले असते तर ते गेलेच असते. ओठ चावून चावून तिला रक्त यायची वेळ आली. शेवटी ताईनं आतून दोऱ्याची गाठ मारली आणि टोपी पुढे केली.

“तपास.”

धाकटीनं चष्मा लावला. उजेडाकडे धरून पाहिली, ताणून पाहिली. “भरलाय,” ती म्हणाली. “जरा सैल आहे.”

“माझा हातच सैल आहे,” ताई म्हणाली. “आता ऐक. यापुढे रोज तपासायचं. चूक दिसली की तिथं लाल लोकरीचा तुकडा बांधायचा. माझ्या बोटाला लागेल. सुधारायचं मी. नाही जमलं तर मी सांगेन, मग तू. पण मी सांगितल्यावर.”

“आणि सुया? तू तर म्हणाली होतीस...”

“खाली ठेवीन म्हणाले होते. ठेवल्या ना नऊ दिवस! जन्मभर ठेवीन असं कधी म्हणाले?” ताई म्हणाली. “आण ती पिशवी. आणि नाडीची गाठ तूच सोड, फार घट्ट मारलीय मेली.”

धाकटी गाठ सोडताना एवढी हसत होती आणि रडत होती, की गाठ सुटायलाच पाच मिनिटं लागली.

तेव्हापासून असंच चालतं. पुढच्या खेपेला मेट्रनबाईंना टोप्या दिल्या तेव्हा धाकटीनं खोटं बोलल्याची कबुलीही देऊन टाकली. “अहो, ते मला तेव्हाच कळलं होतं,” त्या म्हणाल्या. आठवड्याला चार टोप्या आता होत नाहीत, दोन होतात. कधी टोपीवर एक लाल गाठ असते, कधी तीन. ताई बोटानं शोधते, शिव्या घालते, उसवते, पुन्हा विणते.

गोधडी पुरी व्हायला मात्र पुढचे पाच महिने गेले. लहान झाली, मास्तर म्हणाले होते तशीच. पलंगावर टाकली तर दोन्ही बाजूंनी वीतभर गादी दिसते. धाकटीनं ती घडी घालून ताईच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “ही तुला.”

ताईनं आभार-बिभार मानले नाहीत. लाल लोकरीचा गुंडा मागितला, कात्री मागितली आणि कामाला लागली. सबंध दुपार ती एकेका कोपऱ्यावर बोट ठेवत गेली. जिथं चार चौकोन एका ठिपक्यावर मिळाले नव्हते तिथं सुईनं एक छोटा लाल धागा ओवून गाठ मारत गेली. धाकटी मधून मधून येऊन बघायची आणि परत जायची. चहाच्या वेळेला सत्तावीस गाठी झाल्या होत्या.

“झालं?” धाकटीनं विचारलं.

“झालं. सत्तावीस. मोजून घे.”

“बाप रे! मग आता उसवू?”

“ते मला काय विचारतेस?” ताई म्हणाली. “माझं राज्य समासापुरतं.”

धाकटी गोधडी घेऊन खिडकीशी गेली. उजेडात सगळ्या गाठी एकदम दिसल्या. तिनं त्या सावकाश मोजल्या. मग उसवायचं हत्यार डब्यात टाकलं, डब्याचं झाकण लावलं आणि गोधडी ताईच्या पलंगावर पसरली.

एकही गाठ काढलेली नाही. सर्वांत वाकड्या कोपऱ्याची गाठ ताई उशाकडे ठेवते, म्हणजे पांघरुणाची बाजू बोटाला लगेच कळते. सकाळी ती गाठ चाचपून नीट घडी घालते आणि सुया घेऊन खुर्चीत बसते, रस्त्याकडे तोंड करून.